दोन व्याही आणि एकच किडा

निवृत्त माणसाला लोक विचारतात, "आपण काय होता?" कोणी हेडमास्तर असतो, कोणी तहसीलीत अव्वल कारकून. मी सांगतो, "मी नाल्या पाहत होतो." समोरचा हसतो. त्याला वाटतं, बुवा गमत्या दिसतात. पण गंमत नाही हो. वर्ध्याच्या फायलेरिया पथकात मी इन्स्पेक्टर होतो, आणि नोकरीची सारी वर्षं या शहराच्या नाल्यांत, मोऱ्यांत आणि संडासाच्या टाक्यांत वाकून पाहण्यात गेली. अजूनही कोणाकडे चहाला गेलो की हात धुण्याच्या निमित्तानं मागची मोरी बघून येतो. बायको म्हणते, "तुमाले घेऊन कुठी जायची सोय नाई."

शहरात माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. मी मच्छरसाहेब. सायकलवरून गल्लीत शिरलो की दारातून हाक यायची, "मच्छरसायेब, आमच्याकडचे मच्छर डबल झाले जी! काय खाऊ घालता त्याईले?" आमचा किसन पाठीवर पंप अडकवून नालीत तेल फवारायचा, तेव्हा बायका वाटी घेऊन उभ्या राहत. "भाऊ, एवढं वाटीभर दे ना, ढेकनं लय झाले." किसन तोंड अगदी गंभीर ठेवून सांगे, "काकू, हे सरकारी तेल हाय. यानं फक्त सरकारी मच्छर मरते." आणि त्या बाया खरोखर विचारात पडत!

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. फायलेरिया म्हणजे हत्तीपाय, हत्तीरोग; तो एका बारीक किड्यानं होतो. दोऱ्यासारखा किडा. तो माणसाच्या अंगात रस वाहणाऱ्या नळ्यांत बसतो आणि नळ्या बंद करतो. मग सूज येते, ताप येतो, पुन्हा सूज येते, आणि अशी वर्षं गेली की पाय खांबासारखा होतो. या किड्याची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात, म्हणून आमचे लोक लोकांच्या बोटाला रात्री सुई टोचायचे आणि शिव्या खायचे. किडा एका माणसातून दुसऱ्यात नेतो तो मच्छर. आणि हा मच्छर घाण पाण्यातला. म्हणून आठवड्याला एकदा तेल. अंड्याचा मच्छर व्हायच्या आत त्याच्यावर तेलाचा पदर आला पाहिजे. एक आठवडा चुकला की मागची मेहनत पाण्यात.

त्या काळात पिपरी मेघेकडे नवी घरं उठत होती. सिमेंटची घरं, फ्लशचे संडास, वर उंच हवेचा पाइप. मालक मला मोठ्या ऐटीत घर दाखवत, "आपल्याकडे घाणच नाही." मी म्हणायचो, "त्या पाइपाच्या तोंडाशी संध्याकाळी उभं राहून बघा." आतल्या टाकीत पैदास आणि पाइपातून धूर निघावा तसे मच्छर बाहेर! त्या पाइपांना जाळी बांधायला आम्ही शिडी घेऊन फिरलो. एका वकीलसाहेबांनी मला कोर्टात खेचायची धमकी दिली, कारण जाळीनं घराची शोभा जाते म्हणे. जाळी बांधूनच उतरलो मी. तेवढा हट्टी मी होतो.

गोळ्यांचं आणखी वेगळं. गोळी घेतली की ज्याच्या रक्तात पिल्लं आहेत त्याला ताप भरतो, कारण ती मरतात. म्हणजे ज्याला ताप आला त्याला औषध लागू पडलं. हे लोकांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस यायचा. लोक म्हणत, "चांगला होतो जी, तुमची गोई खाल्ली अन् बिमार पडलो." आणि पुढच्या वेळी मी दिसलो की मागच्या दारानं पसार.

पण तेल, गोळ्या, जाळ्या हे सगळं सोपं होतं. अवघड होती ती लाज. हत्तीपाय झाला की माणूस घरातल्या घरात लपतो. आणि घरात पोर लग्नाची असली तर विचारूच नका. आमच्या जिल्ह्यात मुलगी पाहायला पाहुणे आले की तिला चालून दाखवायला लावत, आणि एखादी खट म्हातारी म्हणे, "पोरी, लुगडं जरासं वर घे वं." घोटा बघायचा असे तिला. पोरीचा पाहून झाला की आईच्या पायाकडे नजर. हा रोग रक्तातून खाली उतरतो, आईला असला की लेकीला होणार, आणि लेक सून होऊन आली की आपल्या घरात रोग आला, असा ठाम समज. मी किती घसा फोडला! पण सरकारी माणसाचं ऐकतं कोण.

कमलाबाईंचं घर आमच्या तेलाच्या वाटेवर होतं. जुन्या वस्तीत, मागे कापसाची वखार आणि तिच्या कडेनं वाहणारी ती नाली, जिच्यावर मी हयातभर दात खाल्ले. कमलाबाईंचा डावा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला. वर्षातून चार-सहा वेळा थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, आणि प्रत्येक तापागणिक पाय जाड व्हायचा. मी त्यांना सांगितलं की वाढलेला पाय मी कमी करू शकत नाही, पण पुढचे ताप थांबवता येतील. रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या फटी कोरड्या करायच्या, चीर पडली तर मलम लावायचं, आणि झोपताना खाटेच्या पायथ्याशी विटा लावून पाय उंच ठेवायचा. एवढंच. दहा जणांना सांगितलं तर एक करतो. कमलाबाईंनी केलं. वर मला म्हणाल्या, "देवाची मूर्ती रोज धुतो, तसा हा गनपती धुतो मी." अशा बाई! तापही खरंच कमी झाले.

त्यांच्यासाठी मी गल्लीच्या मोच्याकडून चपलांचा एक जोड बनवून घेतला होता. उजवी साधी, डावी रुंद, वर टायरचा पट्टा. तो जोड घालून त्या घराच्या मागच्या बाजूला फिरत. पुढच्या दारानं मात्र कधी बाहेर पडल्या नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक मंदा. नवरा दौलतराव, शेती करणारा अबोल माणूस. धाकटा दीर आणि जाऊ शशिकला शेजारच्याच खोल्यांत. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मंदाचं लग्न केळझरच्या एका घरी जमलं. मुलगा एस.टी.त कारकून. मला फार आनंद झाला. पेढा खात खात मी विचारलं, "पाहुण्यांनी पायाचं काही विचारलं नाही ना?"

कमलाबाई म्हणाल्या, "त्याईनं मले पाह्यलंच नाई सायेब. त्याईनं शशिकलाले पाह्यलं."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. पाहुणे आले त्या दिवशी शशिकलाला मंदाची आई म्हणून पुढे बसवलं होतं. कमलाबाई मागच्या खोलीत कडी लावून बसल्या. साक्षगंधालाही, म्हणजे साखरपुड्यालाही, तसंच. आणि लग्नात कन्यादान दीर आणि जाऊ करणार. दौलतरावांना मुलीचा काका म्हणून फिरवायचं. आईला मंडपात यायचं नाही. हा सगळा बेत कोणी केला? खुद्द कमलाबाईंनी.

मी संतापलो. "अहो, काय हे! उद्या पोर बाळंतपणाला माहेरी येईल तेव्हा काय कराल? नवी आई कुठून आणाल?"

"तवाचं तवा पाहू."

"आणि मंदा काय म्हणते?"

"रडते. रडू द्या. लगीन मोडलं तर जलमभर रडन." मग त्या म्हणाल्या, "सायेब, माह्या पायापाई पोरीचं घर मोडू नये, एवढंच मागनं हाय. तुमी कोणाजवळ बोलजा नोका. तुमाले तिच्या गळ्याची आन."

मी कबूल केलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की, कोणाचा रोग कोणाला सांगायचा नाही. ती मोडली की उद्या कोणी बोट पुढे करणार नाही.

आता गंमत ऐका, राजेहो. पंधरवडा गेला असेल नसेल, एक गृहस्थ आमच्या ऑफिसात आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, हातात छत्री. सगळी टेबलं सोडून माझ्याच टेबलाशी, तेही किसन बाहेर जाईपर्यंत थांबून. म्हणाले, "माह्या एका मित्राले तरास हाय." मी मनात म्हटलं, आला, मित्रवाला आला. पुरुषांना हा रोग बऱ्याचदा पायात न होता दुसऱ्या जागी होतो, धोतराआड. असे सगळे पुरुष मित्रासाठीच चौकशी करायला येतात. मी म्हटलं, "तुमच्या मित्राला म्हणावं, आत पडद्यामागं या."

पाहिलं. चांगलंच वाढलेलं होतं. मी सांगितलं, साधं ऑपरेशन आहे, सरकारी दवाखान्यात होतं, चार दिवसांत घरी.

"आता नाई," ते घाबरून म्हणाले. "लेकाचं लगीन हाय. दवाखान्यात निजलो तर गावभर होईन. पोरीवाल्याईले समजलं तर? ते म्हनतीन, बापाले हाय त पोराले होईन. मोडतीन ना जी लगीन!"

"कुठली मुलगी केली?" मी सहज विचारलं.

"वर्ध्याचीच. दौलतरावाच्या घरची, त्याच्या धाकट्या भावाची पोर."

माझ्या हातातला पेन खाली पडला. हे तुळशीरामजी, केळझरचे, मंदाचे होणारे सासरे! तिकडे आई कडी लावून आत बसलेली, इकडे बाप धोतर सावरत माझ्यासमोर. दोघांच्या पोटात एकच भीती आणि अंगात एकच किडा. आणि मध्ये मी, दोन्हीकडून तोंड शिवलेला. हसावं की रडावं! मी म्हटलं, "तुळशीरामजी, लपवू नका. व्याह्यांना मोकळेपणानं सांगून टाका. कोण जाणे, तेही समजून घेतील." तर ते हात जोडून म्हणाले, "तुमाले माह्या लेकाच्या गळ्याची आन."

शपथा घेऊन घेऊन माझी झोप उडाली. कमलाबाईंकडे जाऊन मी आडून आडून म्हणे, "कोणाच्या घरी काय असतं, कोणाला ठाऊक." त्या म्हणत, "माह्या घरी काय हाय ते मले ठाऊक हाय." तुळशीरामजी गोळ्या न्यायला आले की त्यांनाही मी तेच म्हणे. ते म्हणत, "पोरीवाले लय सोज्वळ लोक हायेत जी." मी कपाळावर हात मारून घेई.

मग चतुर्थीची केळझरची जत्रा आली. गावाकडचं काम आमच्या पथकाकडे नव्हतं, पण जत्रेत आरोग्य खात्याचा मंडप लागे, आणि बारीक किडा मोठा करून दाखवणारी दुर्बीण आमच्याकडेच होती. गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी आमचं टेबल. बरणीत वळवळणाऱ्या मच्छरांच्या अळ्या, दुर्बिणीखाली रंग दिलेला किडा, आणि मागे मोठा चित्रांचा तक्ता. चित्रात एक बाई, पाय सुजलेला. एक पुरुष, धोतरात फुगा. दोघांच्या मध्ये एक मच्छर. तो फुगा पाहून पोरं खिदळत आणि बायका पदर तोंडाशी धरून पुढे सरकत.

एक बाई मात्र सरकली नाही. बांधेसूद, कपाळावर ठसठशीत कुंकू. गर्दी कमी होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सायेब, मी तुळशीरामाची घरवाली, पार्बता. गोया तुमच्याचकून येते ना?"

मी दुर्बिणीची काच पुसू लागलो. तिला उत्तराची गरजही नव्हती. तिनं तक्त्यावरच्या बाईच्या पायावर बोट ठेवलं, मग पुरुषाच्या धोतरावर. "हे अन् हे, एकच बिमारी हाय?"

"एकच. किडा तोच. बाईचं सहसा पायात दिसतं, पुरुषाचं बऱ्याचदा तिथं."

"अन् माय-बापाले असली त लेकराले होते काय?"

"नाही. मच्छर चावल्याशिवाय कोणालाच होत नाही. आईबापाकडून येत नाही, शिवल्यानंही होत नाही, लग्नानंही होत नाही."

तिनं दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. "एवढासाक!" म्हणाली. "एवढ्याशा किड्यापाई आमच्या घरी इतके वर्स तोंड लपवनं चालू हाय." आणि नारळाची पिशवी उचलून टेकडीकडे निघून गेली. किसन म्हणाला, "सायेब, ह्या बाईले नोकरीवर घ्या." मीही हसलो. पण कमलाबाईंचा प्रश्न जिथल्या तिथंच होता.

लग्न सकाळच्या मुहूर्ताचं, घरासमोरच्या मंडपात. मला दोन्हीकडून आमंत्रण, आणि दोन्ही आमंत्रणांत एकच दम, बोलजा नोका. मी पोचलो तर दौलतरावांनी मला कोपऱ्यात घेतलं. आदल्या दिवशी हळदीच्या धावपळीत कमलाबाई सारा दिवस उभ्या होत्या, पाय ठणकत होता, अंगात ताप होता. मी मागच्या दारानं आत गेलो.

छोटीशी खोली. पापडाचे डबे, पिठाच्या कोठ्या, आणि खाटेवर कमलाबाई. नवं लुगडं नेसलेल्या, नाकात नथ, कोणीही न पाहणाऱ्या खोलीत बसलेल्या. मी पाय पाहिला, गोळी दिली, उशीवर पाय उंच करून ठेवला. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांच्या मुठीत अक्षता होत्या. प्रत्येक कडव्याला त्या चार दाणे बंद दाराकडे टाकत होत्या. दाराला लागून ते खाली पडत होते. माझ्यानं बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

बँड वाजला, लग्न लागलं. आता सरबत होईल, मग कन्यादान. तेवढ्यात मागच्या बाजूला कोणीतरी हातपाय धुवायला आलं. पाण्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला. मग मागचं दार ढकललं गेलं.

पार्बताबाई. एका हातात लुगड्याचा पायाशी भिजलेला काठ धरलेला, दुसऱ्या हातात ती डावी चप्पल, रुंद, टायरच्या पट्ट्याची.

कमलाबाईंनी झटकन पायावर चादर ओढली. मी मध्ये पडणार तर पार्बताबाईंनी मला हातानंच थांबवलं. "तुमी चूप बसा सायेब. तुमाले बोलता येत नाई हे मले ठाऊक हाय." मग खाटेकडे वळून म्हणाल्या, "साक्षगंधाच्या दिवशी म्या त्या बाईले इचारलं, पोरगी दिवसाची झाली का रातची. तिले सांगता नाई आलं. आईले झोपीतून उठवून इचारलं तरी सांगन. तवाच म्या म्हनलं, पोरीची माय दुसरी हाय. मेली असन त सांगतीन, लपवतीन काऊन?"

कमलाबाईंनी हात जोडले. "बाई, माह्या पोरीले काई नाई वो. सायेबाले इचारा. तिचा पाय चांगला हाय. माह्यासाठी तिले टाकू नोका. मी तुमच्या दारात कदी येणार नाई."

पार्बताबाई खाटेवर त्यांच्याशेजारी बसल्या. चप्पल खाली ठेवली. दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "इहीनबाई, तुमची बिमारी पायात हाय म्हनून दिसते. आमच्या मालकाची धोतरात हाय."

कमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आणि मग त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर, डोळ्यांतून पाणी, आणि खांदे गदगदा हलताहेत. पार्बताबाईही हसू लागल्या. दोन विहिणी एका खाटेवर बसून एकमेकींचे हात धरून हसत होत्या आणि मधूनच रडत होत्या. मी काय करणार, मीही डोळे पुसले. सरकारी नोकराला मनाई थोडीच आहे.

बाहेरून भटजींची हाक आली, "मुलीचे आईवडील, या बरं!"

"उठा," पार्बताबाई म्हणाल्या.

"नाई हो. लोक पाहतीन."

"मी संगं आहो ना. पाहू द्या."

मंडपात शशिकला पाटावर बसायच्या बेतात होती. कमलाबाई पार्बताबाईंच्या खांद्याचा आधार घेत पुढच्या दारातून बाहेर आल्या, तशी तिनं पाट सोडला आणि "वैनी!" म्हणून तोंडाला पदर लावला. कुजबूज उठली. वऱ्हाडातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवं माय, हे कोण?" पार्बताबाई त्याहून मोठ्यानं म्हणाल्या, "हे माही इहीन. पोरीची सख्खी माय." मंदा नवरदेवाशेजारी हुंदके देत उभी होती. दौलतराव धडपडत पाटावर येऊन बसले. तुळशीरामजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच सगळं फोडलं. मी जोरजोरानं मान हलवून नाही म्हटलं. त्यांची बायको त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली आणि ते मुकाट्यानं धोतर सावरत खुर्चीवर टेकले.

कमलाबाईंना पाटावर मांडी घालता येईना. त्या पाय समोर पसरून बसल्या. नवरदेवाचे पाय त्यांनी दौलतरावांसोबत धुतले, लेकीच्या हातावर पाणी सोडलं. भटजींनी जोडप्याला नमस्कार करायला सांगितलं.

पोरगा वाकला, तशी कमलाबाईंनी घाईनं डावा पाय लुगड्याखाली ओढायला पाहिलं. पण तो पाय पटकन मागं घेता येत नाही. तो होता तिथंच राहिला, आणि जावयाचं डोकं त्याच्यावर टेकलं.